तात्यांच्या पाठीपाठी

१८ जून २००१, सोमवार

तात्या आज परत गुरं आणायला गेले. गोठा रिकामा होऊन वर्षं झाली. सासूबाई गेल्या त्याच साली शेवटची गाय, मोरी, विकली. आता गोठ्यात लाकडं, आणि खुंटीला मोरीच्या गळ्यातली घंटा. पण उन्हं कलली की सासरे माझे उठणार, डोक्याला फडकं गुंडाळणार आणि "मोरी नाय आली गो अजून" म्हणत पायऱ्या उतरणार. जन्मभर साऱ्या वाडीची गुरं त्यांनी राखली. माझं नाव विसरले, गुरांची एकूण एक लक्षात.

वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर सापडले. कातळावर उभे राहून हाका मारत होते. हात धरला तर हिसडा दिला. "कोन तू? सोड. गुरं बुजतील."

घरी आणेपर्यंत दिवेलागण. मग कोंबड्या झाकायच्या राहिल्या, एक मुंगसाने नेली. माझीच चूक म्हणायची.

२१ जून

दुकानात ह्यांचा मुंबईहून फोन. वाण्याची बायको हाक मारते तेव्हा सारी वाडी ऐकते, त्यामुळे काही धड बोलता येत नाही. हे म्हणाले, खोलीला बाहेरून कडी लावून घे, सुताराला सांग. दहा मिनिटांवर रस्ता आहे, हातखंब्याकडून ट्रक कसे येतात तुला माहीत नाही का. शिवाय विहीर, शिवाय जनावर.

सगळं खरं. मी "बघते" म्हटलं. मुंबईत बसून कडी लावणं सोपं आहे. आतून तो माणूस कसा ओरडेल ते ऐकायला कोण आहे? मीच ना?

२८ जून

एक युक्ती सापडली. अडवायचं नाही, समजवायचं नाही, दिसायचं नाही. जाऊ द्यायचं आणि लांबून पाठी राहायचं. त्यांची फेरी ठरलेली आहे: सडा, मग राखणदाराची, वाडीच्या देवाची घुमटी, मग वहाळाकडे, वहाळावर गुरांना पाणी दाखवायचं (गुरं कुठली, हवा), मग घर. आपले आपण येतात. फक्त मी दिसले तर बिघडतं. आज करवंदीच्या जाळीआडून बघत बसले. तात्यांनी परत येऊन गोठ्याला आगळ घातली आणि जेवले पोटभर.

मी स्वयंपाकाला लागले तर म्हणतात, "दमलीस व्हय गो, कुनाची तू?"

४ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. छत्री वाऱ्याने उलटी होते, आणि छत्री घेऊन लपता येत नाही. तात्यांचं जुनं कांबळं काढलं, त्याची खोळ करून डोक्यावर. हातात त्यांचीच काठी, फुरश्यांसाठी. पायात ह्यांचे रबरी बूट. आरशात बघितलं आणि हसू आलं. लग्नाआधी उंचीपायी स्थळं परत जायची माझी, आई रडायची. आता उंचीचा उपयोग होतोय, कुंपणावरून सगळं दिसतं.

१४ जुलै, शनिवार

घुमटीपाशी शेवाळावरून घसरले. गुडघा फुटला. ओरडले नाही, ते ऐकतील म्हणून. तोंडात कांबळं कोंबून बसले चिखलात.

आज देवरूखला जायचं होतं. लेक मनू आईकडे असते शाळेसाठी, सहावीला आहे. मी महिन्यातून दोनदा तरी येईन असं तिला सांगितलं होतं. जून गेला, जुलै अर्धा गेला. आईने वाण्याकडे निरोप ठेवलाय, पोरगी यष्टीच्या वेळेला दारात येऊन उभी राहते.

घुमटीतल्या दगडाकडे बघून म्हटलं, तू वाडीचा राखणदार ना? काठी तुझी, कांबळं तुझं, दर वर्षी नव्या वहाणा तुझ्या. मग तात्यांना तू राख की! मला एक शनिवार दे.

दगड तो. पाणी गळत होतं त्याच्यावरून.

२० जुलै

हे लिहू की नको.

मंगलकाकी आल्या, वरच्या घरातल्या. त्यांच्या खळ्यातून सडा दिसतो. हळू आवाजात म्हणाल्या, "शालन, तुला सांगतंय, कुनाला बोलू नको. तुज्या सासऱ्याच्या पाटी राखनदार चालतो. मी सोता बगितला. हा उंच. खांद्यावर कांबळा, हातात काटी. तात्या थांबला का थांबतो, चालला का चालतो."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"आजन्म गुरा राखली ना त्यानं. आता देव त्याला राखतो. बगितलं तरी पाटी लागू नये हां, पाटी वळून पन बगू नये, बुजतो तो." आणि कानाला हात लावला त्यांनी. डोळे भरलेले.

सांगणार होते. अगदी ओठावर आलं होतं. पण काकींचा चेहरा बघून नाही सांगवलं. त्या गेल्यावर न्हाणीत जाऊन हसले, आणि हसता हसता रडायला कशाला आलं कळत नाही.

२ ऑगस्ट

"कुनाला बोलू नको" म्हणाल्या म्हणजे वाडीभर झालं. आता सगळ्यांना राखणदार दिसतो. खालच्या आळीत तर म्हणे घोड्यावर दिसला. घोडा मी आणला नव्हता.

९ ऑगस्ट

हसण्यासारखं राहिलं नाही. आधी कुणी ना कुणी हाक मारायचं, "शालन, तात्या हिकडं गेलाय गो." खालच्या आळीतली मंडळी दोनदा घरी आणून सोडून गेली होती. आता कुणी लक्ष देत नाही. राखणदार असताना माणसं कशाला? मी देव झाले आणि होता तो आधारही गेला.

आज ताप होता अंगात थोडा. तरी गेले.

२५ ऑगस्ट

गणपतीला हे आलेत, म्हणून वही कपाटात होती. मनूपण आहे. घर भरलंय. वन्सं आल्या रत्नागिरीहून, तात्यांना बघून म्हणाल्या, "तब्येत काय छान ठेवलीय देवानं." अंघोळ मी घालते. नखं मी काढते. धोतर रोज दोनदा मी धुते. पण तब्येत देवाने ठेवली! मोदकाची उकड जरा जोरात मळली इतकंच.

हेही घुमटीला नारळ देऊन आले. मग मी ह्यांना परसात नेऊन सांगून टाकलं. तो राखणदार मी. तुमचे बूट घालून.

हे मग म्हणाले, "कोणाला सांगू नकोस." का, ते नाही सांगितलं.

२६ ऑगस्ट

काल हे स्वतः पाठी गेले. "एवढं काय त्यात" म्हणाले होते. तात्यांनी ओळखलं नाही, दगड मारला. कपाळावर टेंगूळ घेऊन आले. मनू हसली तर तिच्यावर ओरडले.

आज सुतार आणला. खोलीला बाहेरून कडी बसली. पितळी, जाड. मला म्हणाले, "शालन, तू घसरून पडलीस एखाद्या दिवशी तर दोघांना कोण बघणार? देवाच्या नावाने हा खेळ बास. मी दिवाळीला येईपर्यंत कडी लाव."

माझ्या काळजीनेच बोलले. मान्य. पण मला त्या कडीकडे बघवत नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

कडी लावली. मंगलकाकींना पडवीत बसवलं आणि देवरूखला गेले. मनूची वेणी घातली, बाजारात हिंडलो, भजी खाल्ली. ती माझा पदर सोडत नव्हती. खूप बरं वाटलं. हे लिहून ठेवायला हवं, बरं वाटलं.

परत आले तर काकी पडवीच्या टोकाला कानात बोटं घालून बसलेल्या. आत तात्या दाराला कपाळ टेकून उभे. नखं फाटलेली. खोलीत घाण. मला बघून ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "गुरा उपाशी ऱ्हायली गो. तानेली हायत."

गरम पाण्याने हात धुतले त्यांचे. लहान मुलासारखे पुढे धरून बसले होते.

९ सप्टेंबर

कडी लावली नाही.

१७ सप्टेंबर

मग आता काय करायचं मी? कडी लावली तर माणूस आत मरतो. नाही लावली तर बाहेर कधी मरेल सांगता येत नाही. देवावर सोडायचं म्हणतात सगळे. देवावर सोडणं म्हणजे नक्की काय? मी पाठी गेले म्हणजे सोडलं नाही. आणि नाही गेले, तर तो विश्वास म्हणायचा की आळस? कुणाला विचारू?

तात्या चांगले होते तेव्हा एकदा विचारलं होतं त्यांना, सगळे पुढे चालतात, तुम्ही गुरांच्या मागे का चालता. म्हणाले होते, "राखन्या पाटीच चालतो गो. म्होरं चालला तं म्हागं काय ऱ्हायलं ता कळत नाय." मी म्हटलं, पण मग गुरांना तुम्ही दिसत नाही. "न दिसू दे. काटी वाजते ना. तेवढा पुरा."

मला काठीपण ऐकू येत नाही कुणाची.

३० सप्टेंबर

काकींना खरं सांगितलं. आज रागच आला होता, माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि काकी येऊन सांगतात, औंदा राखणदाराला नव्या वहाणा जरा भारी घेऊया, फार चालतो बिचारा. म्हटलं, काकी, चालते मी! ते कांबळं हे बघा, काठी ही बघा, हे बूट बघा. पाय माझे झिजले आणि वहाणा दगडाला?

काकींनी कांबळं हातात घेतलं, वास घेतला. मग मला म्हणाल्या, "आसंल. तुज्या आंगात येऊन चालत आसंल."

ह्या बाईपुढे हात टेकले.

१२ ऑक्टोबर

भात पिवळं पडलंय. पाऊस मागे फिरला. कांबळ्याची गरज नाही तरी घेते. सवय झाली. लोकांना लांबून दिसलं की हात जोडतात, मीही आता मान खाली घालून चालते, तोंड दिसू नये म्हणून. फसवणूक आहे का ही? मी काही सोंग काढलं नव्हतं. पण आता सोंगच झालंय.

२१ ऑक्टोबर

गुरवाला विचारलं, राखणदार खरंच चालतो का. घुमटी झाडत होता. म्हणाला, "आजोबाच्या वेळेपासनं वाना ठेवतो आमी. वर्सानं बगावं तं तळवं झिजल्यालं."

म्हटलं, तुम्ही कधी बघितलात?

"मी कशाला बगू? मी पुडं असतो." आणि झाडत राहिला.

ह्याचा अर्थ काय ते त्यालाही माहीत नसावं.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. हे आले होते चार दिवस. कडीवर धूळ बघितली आणि जेवताना बोलले. "शिमग्यापर्यंत शेवटचं. नाहीतर मी त्यांना दवाखान्यात ठेवणार, तिकडे आत ठेवून घेतात." मी म्हटलं, ठेवा. असं कसं म्हटलं मी? दमले होते म्हणून? की मनातलंच होतं ते? हेही चमकले. 

मनू गेली परत. जाताना तात्यांच्या पाया पडली, त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं, वासराला थोपटतात तसं.

२६ नोव्हेंबर

हुडहुडी. संध्याकाळी कशीबशी वहाळापर्यंत गेले, परत येताना दात वाजत होते. हिवताप असणार. उद्या डॉक्टरकडे जायला हवं, पण तात्यांना कुणाकडे ठेवू?

२९ नोव्हेंबर

कालचं लिहिते. आज बसता येतंय.

दुपारनंतर ताप चढला. ठरवलं होतं, आज कडी लावायचीच. उठले, भिंत धरून त्यांच्या खोलीपर्यंत गेले हे आठवतं. कडीचं पितळ हाताला गार लागलं तेही आठवतं. लावली की नाही, आठवत नाही. मग अंथरुणावर होते.

जाग आली तर तिरकी उन्हं घरात आलेली. त्यांचं दार सताड उघडं. डोक्याचं फडकं खुंटीवर नाही. उठायला गेले आणि तिथेच बसले. हाक मारली काकींना, आवाज पडवीपर्यंतसुद्धा गेला नाही.

तेव्हा म्हटलं. हात जोडले नव्हते, नारळबिरळ काही बोलले नाही. म्हटलं, बाबा रे, आज मी नाही. आज तुझं तूच जा.

आणि मग झोप लागली. लाज वाटते लिहायला, पण लागली. इतकी गाढ झोप वर्षभरात लागली नव्हती.

कपाळावर हात होता कुणाचा तरी. खरखरीत. डोळे उघडले तर तात्या उकिडवे बसलेले माझ्याजवळ. बाहेर अजून उजेड होता, म्हणजे अर्ध्या वाटेतून परतले. फेरी कधी अर्धी टाकत नाहीत ते. पावसाने, विजेने टाकली नाही कधी.

म्हणाले, "हितं पडलीस व्हय. तरी म्हटलं."

म्हटलं, तात्या, आलात?

"म्हागं चालनारी आज नाय आली. रोज येते म्हागनं. घुमटीपातुर गेलो, आयकू नाय आली. म्हटलं ऱ्हायली कुटं, बगूया. म्हनून आलो."

मला वाटत होतं त्यांना मी कधी दिसले नाही.

त्यांनी कोपऱ्यातलं कांबळं आणून घातलं माझ्यावर. बाहेर गेले. बादली आणली पाण्याची, तोंडाजवळ ठेवली. परत गेले. आले ते मूठभर हिरवं गवत घेऊन, बांधावरचं कोवळं. उशाशी ठेवलं नीट. "खा थोडा. उद्या उठशील."

बादलीत ओंजळ बुडवून पाणी प्याले मी. दुसरं काय करणार?

३० नोव्हेंबर

मंगलकाकी पेज घेऊन आल्या. परवा नेमक्या आल्या नाहीत म्हणून हळहळल्या. मग म्हणाल्या, तात्या लवकर परतला ना परवा? मी खळ्यातनं बगत व्हतं. पाटनं राखनदार व्हताच. पार तुमच्या कुंपनाच्या बेड्यापातुर सोडलान त्याला.

पेज खाली ठेवली. म्हटलं, काकी, परवा मी इथे पडले होते. तापाने. उठले नाही.

"मग तू कशाला आसशील?" काकी म्हणाल्या. "मी राखनदार म्हनतंय."

कसा होता?

"रोजच्यासारका."

कांबळं?

"कांबळा, काटी. काय गो, आसा काय बगतंस?"

कांबळं माझ्या अंगावर होतं. काठी दाराआड होती, आत्ताही आहे.

काकी गेल्यावर तात्यांना विचारलं. तुमच्या पाठी परवा कोण होतं? म्हणाले, "कोन नाय." नीट आठवा. "कोन नाय गो. आसतं तं परत कशाला आलो आसतो?"

आता ह्यातलं कोण खरं? काकींची नजर साठीतही सुई ओवणारी. तात्यांना माझं नाव माहीत नाही, पण पाठी कोण चालतं ते पावसातसुद्धा कळत होतं. कुणीतरी वाडीतलं असेल, कांबळी काय सगळ्यांकडे असतात. असेल तर कबूल का करत नाही? मी तरी कुठे केलं होतं.

डोकं दुखतं विचार करून. गवत अजून उशाशी आहे, वाळत चाललंय. काढवत नाही.

२ डिसेंबर

ह्यांचा फोन, दुकानातून निरोप आला. गेले हळूहळू. "कडी लावतेस ना?" वाण्याची बायको ऐकत होती. म्हटलं, मी बरी आहे आता. "ते नाही विचारलं." म्हटलं, हो, पण बरी आहे. बाकी काही सांगता येईना. काय सांगणार, तात्यांनी मला गवत घातलं?

६ डिसेंबर

आज बऱ्यापैकी उभी राहिले. उन्हं कलली. तात्या उठले, फडकं बांधलं. मी दाराशी उभी, हात कडीवर. डॉक्टरांनी सांगितलंय आठवडाभर चालायचं नाही. ह्यांची शिमग्याची मुदत डोक्यावर. शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

ते पायऱ्या उतरले. अंगण ओलांडलं. बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी जाऊन थांबले. कधी थांबत नाहीत. पाठ माझ्याकडेच, वळले नाहीत, नुसते उभे. मी हलले नाही. तेही हलले नाहीत.

मग तसेच पुढे बघत म्हणाले, "आली काय?"

काय उत्तर द्यायचं असतं ह्याला? मी बोलले तर बुजतील. "कोन तू" म्हणतील. गोठ्यात गेले. लाकडांवरून हात घालून खुंटीवरची मोरीची घंटा काढली आणि एकदा हलवली.

तात्यांनी मान डोलावली आणि चालायला लागले.

मी बूट घातले. कांबळं घेतलं. घंटा हातात, तिची जीभ बोटांत धरून, मधेमधे सोडून. सड्यावर आज गार वारा होता, घुमटीत नव्या वहाणा ठेवलेल्या दिसल्या. तिथून पुढे, वहाळाकडे उतरताना, एकदा फार वाटलं की मागे वळून बघावं.

बघितलं नाही.